दोघांच्या फोटोतला हार

चित्रांचं प्रदर्शन भरवायची स्वप्नं बघणाऱ्या माझ्या हातांना शेवटी मेलेल्यांचे फोटो रंगवायचं काम मिळालं. खांद्यावर कॅमेरा, पिशवीत ब्रश घेऊन मी एस.टी.ने डहाणू, कोसबाड, तलासरी करत पाड्यापाड्यांवर फिरायचो. कुणाचा तरी ओळखपत्रावरचा इवलासा फोटो मोठा करून आणायचा, गालांवर रंग चढवायचा, उघड्या अंगावर शर्ट रंगवायचा. मी याला कला म्हणायचो. घरचे काय म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही.

२०१५मध्ये रानशेतजवळच्या एका पाड्यावरून असंच काम आलं. घरातला तरणा मुलगा गुजरातकडच्या बोटीवर खलाशी होता. बोट वादळात बुडाली. बाकीच्यांचे देह मिळाले, त्याचा नाही. फोटो रंगवून नेताना मी सवयीने चंदनाचा हारही नेला. गेलेल्या माणसाच्या फोटोला तो मीच लावून द्यायचो.

"हार कोणाला आणला?" त्याच्या आईने विचारलं.

मी हार पिशवीत सारायला लागलो.

"माझा पोऱ्या यायचाय अजून. फोटो ठेव, हार घेऊन जा."

दाराशी त्याची बायको उभी होती, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून. सासूचं बोलणं ऐकून तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. त्या दिवशी म्हातारीनेही नवं लुगडं नेसून माझ्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि माझा धंदा बसला. डहाणूतला कॉम्प्युटरवाला चहा गार व्हायच्या आत मेलेल्याला कोट-टाय चढवून द्यायला लागला. माझे रंग डबीतच वाळले. तरी रानशेतकडे गेलो की त्या घरात डोकावायचो. दोघी दर सणाला त्याच्यासाठी शर्टाचं कापड घेऊन ठेवायच्या. पाड्यावरचे लोक त्यांना वेड्यात काढायचे. मला मात्र त्यांचा हेवा वाटायचा. मला वाट बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

२०१९मध्ये म्हातारी गेली. सुनेने निरोप धाडला. आई आणि मुलगा एकाच फोटोत हवे होते, आणि तेही हाताने रंगवलेले. खोटं कशाला बोलू, मी हरखलो.

"एका फ्रेमला हार घातला तर तो दोघांवर येईल," मी तिला म्हणालो. "त्यापेक्षा हार मी रंगवूनच देतो, फक्त आईंच्या गळ्यात."

ती चुलीतली लाकडं आत सारत राहिली. मग म्हणाली, "दोघांना घाल, दादा. दोघी होतो तवर वाट बघितली. आता एकटीला नाय जमत."

तिला थांबवावंसं फार वाटलं. काय सांगून थांबवणार होतो?

म्हातारीचा हार एका बैठकीत झाला. मुलाच्या हाराला मात्र मी एकेक पाकळी घोटत बसलो, झालेली पुसून पुन्हा काढत राहिलो. तो हार पुरा झाला की त्या घरात तो मरणार होता. शेवटी पुरा झाला, आणि मी तो नेऊन दिला.