दोन लेकरं, एकच बाटली

माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, कुरखेड्यात सगळे डॉक्टरसाहेब म्हणतात. त्यांची डॉक्टरी एवढीच, की औषधाच्या दुकानातल्या स्टुलावर त्यांनी वीस वर्षं काढली. खेड्यावरून एखादी बाई आली, लेकराचं नाक वाहतंय म्हणाली, की लेकराकडे न बघताच त्यांचा हात मागच्या फळीकडे जातो आणि गुलाबी औषधाची बाटली काढतो. लेकरू सहा महिन्यांचं असो की सहावीतलं, बाटली तीच. माप तेवढं कमीजास्त. आणि आमच्या घरात आजारपणात शेवटचा शब्द याच माणसाचा.

मी आशा सेविकेचं काम करते. गावात घरोघर जाऊन बाळं बघते, आयांना सांगते की बाळाला धाप लागली तर थांबू नका, दवाखाना गाठा. बाहेर मी हे खड्या आवाजात सांगते. घरात मात्र भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेऊन गप्प उभी राहत होते. तेव्हा या गोष्टीत तुच्छतेला पात्र ते एकटे नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

धानाची कापणी उरकली आणि माझी मुलगी खोकायला लागली. नऊ वर्षांची, चौथीत. कोरडा खोकला, एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. संध्याकाळी अंग जरा कोमट लागायचं, डोकं दुखतं म्हणायची. पण जेवायची, दोरीवरच्या उड्या मारायची, तान्ह्या भावाला कडेवर घेऊन गल्लीभर फिरायची. शाळेतल्या बाईंनी वर्गात त्रास होतो म्हणून तिला व्हरांड्यात बसवलं.

भासऱ्यांनी निदान केलं, "खोकलून राह्यली अन् उड्याबी मारून राह्यली? नाटकं होय हे. शाळा चुकवाले."

पोरगी व्हरांड्यातून वर्गात घ्या म्हणून रडत होती, आणि हे म्हणे शाळा चुकवायला! तरी बाटली मीच उघडली. पाच दिवस गुलाबी औषध झालं, मग आणखी पाच दिवस. खोकला जागचा हलला नाही. नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "भाऊ म्हणून राह्यला त असंलच." त्याच्या तोंडून मी लग्नापासून हेच वाक्य ऐकत आले होते.

तिसऱ्या आठवड्यात सात महिन्यांच्या मुलाचं नाक वाहू लागलं. दूध ओकला, दोनदा पातळ झालं. ताप नाही. बहिणीसारखा खोकलाही नाही, नुसती छातीत घरघर. भासऱ्यांनी लांबूनच पाहिलं.

"दात येऊन राह्यले त्याचे. तापबी नाई. काऊन भेतेस बाई?"

आणि तीच बाटली.

दोन दिवसांनी सकाळी त्यानं छाती तोंडात घेतली आणि लगेच सोडून दिली. दम पुरत नव्हता. मी अंगडं वर केलं. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. कामाच्या पिशवीतून घड्याळ काढलं आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. या वयात पन्नासच्या खाली हवेत. साठच्या वर भरले. दुसऱ्या कुणाचं बाळ असतं, तर त्या आईला मी केव्हाच दवाखान्याच्या वाटेला लावलं असतं.

भासरे चहा पीत ओसरीवर बसले होते. मी म्हणाले, "भाऊजी, छाती आत ओढून राह्यली त्याची. मी ब्रह्मपुरीले नेतो."

"तुया चार दिवसाच्या ट्रेनिंगवर तू मले शिकवशील?"

मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं, बाळ पुढ्यात धरलं. "तुमी मोजा मंग."

त्यांनी मोजायला सुरुवात केली. बारा, तेरा, चौदा. मग थांबले. म्हणाले, "हालून राह्यलं पोरगं." वीस वर्षांत या माणसानं एका लेकराचा श्वास मोजला नव्हता. मला राग यायला हवा होता. आली ती किळस. एवढ्याशा माणसाला मी भीत होते!

नवरा डेपोवर कामाला गेला होता. फोन केला तर विचारतो, "भाऊले इचारलं का?" मी फोन ठेवला आणि दोन्ही लेकरं घेऊन ब्रह्मपुरीला जाणाऱ्या जीपमध्ये बसले. मुलीला या लोकांच्या भरवशावर ठेवणार नव्हते.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरबाईंनी बाळाला लगेच ऑक्सिजन लावला. तेवढ्यात मागे उभी मुलगी खोकली. बाई वळल्या.

"हिला कधीपासून आहे?"

"तीन हप्ते झाले."

तिच्या छातीचा फोटो काढला. उजवीकडे खाली न्यूमोनिया होता. पोरगी न्यूमोनिया घेऊन दोरीवर उड्या मारत होती.

दोघांच्या घशातले नमुने नागपूरला गेले, आणि दोघांतही मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू निघाला. बाई म्हणाल्या, "शाळेतल्या मुलांमध्ये हा असाच दिसतो. मूल हिंडतं-फिरतं, ताप थोडा, खोकला मात्र आठवडेच्या आठवडे. तान्ह्यांमध्ये त्याचं रूपच वेगळं. सर्दी, उलटी, जुलाब, घरघर. बऱ्याच बाळांचं तेवढ्यावर भागतं. पण त्यांच्या श्वासनळ्या बारीक, त्यामुळे काहींना असं जड जातं. ताप नाही म्हणून निर्धास्त राहायचं नसतं."

"अन् ते गुलाबी औषध?"

"ते जंतूच्या भोवतीची भिंत पाडून त्याला मारतं. या जंतूला भिंतच नसते. पाडणार काय?"

मुलगी हे सगळं ऐकत होती. हळूच म्हणाली, "माह्यामुळं झालं का त्याले?"

डॉक्टरबाई तिच्यासमोर खाली बसल्या. "तू आजारी होतीस बाळा. ते मोठ्या माणसांनी ओळखायचं असतं." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी बाळाचा ऑक्सिजन निघाला. मुलीला दुसरं औषध मिळालं, आणि आठवड्याभरात तिचा खोकला विरळ झाला. भासरे बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसांना सांगू लागले, "मी पह्यलेच म्हणलो होतो, न्युमोनिया होय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. लाजेची एक रेघही नव्हती.

आता ते मायकोप्लाझ्मा हा शब्द शिकलेत. नीट उच्चारता येत नाही, पण येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतात. मी माझ्या गावातल्या आयांना सरळ सांगते, त्या दुकानात लेकरू घेऊन जाऊ नका. ते त्यांच्या कानावर गेलंय. नवरा म्हणतो, घरची गोष्ट बाहेर काऊन काढतेस? मी कामाची पिशवी उचलते आणि निघते.

गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात पंगत बसली होती. मी भात वाढत होते. मला पाहून भासरे पाहुण्यांना मोठ्यानं म्हणाले, "आमच्या घरी दोन डॉक्टर हायेत, एक मी अन् एक हे बाई." सगळे हसले. मी त्यांचं पान तसंच सोडलं आणि पुढच्या पानावर भात वाढला.