कबरीचा पहिला उंदीर

माझा स्वभाव काळजीखोर आहे हे मला ऐकवायला आमच्या घरात कोणी कमी नाही. नवरा तर म्हणतो, हिला स्वतःची काळजी पुरली नाही तर ही शेजारणीकडून वाटीभर मागून आणेल. हसू देत बापडे. पण ज्या घरात शिलाई मशीन आहे, सुया आहेत, दोऱ्याची रिळं आहेत, आणि त्याच घरात मांजराची पिल्लं मोकाट फिरताहेत, तिथं कोणीतरी एकाने काळजी करायला नको का? दोरा गिळला तर आतडी कापली जातात. हे मी वाचलंय, आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं.

कोपरगावात मी घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये मुक्या जनावरांचा एक निवारा आहे. तिथली जागा कुत्र्यांनीच भरलेली असते, म्हणून आईवेगळी मांजराची पिल्लं आली की निवारा चालवणाऱ्या बाई मला फोन करतात. मी ती घरी आणायची, ड्रॉपरने दूध पाजून मोठी करायची आणि चांगलं घर बघून देऊन टाकायची, असं आमचं ठरलेलं. त्यातलं पाजण्याचं काम मला उत्तम जमतं. देऊन टाकण्याचं जमत नाही. म्हणजे देते, पण नंतर जीव टांगणीला लागतो. दोनदा तर दिलेली मांजरं मी परत आणली. एका घरी गॅलरीला जाळी नव्हती, दुसऱ्या घरी मोठ्याने टीव्ही लावायचे. तिसऱ्यांदा मी असंच काहीतरी कारण काढलं तेव्हा निवाऱ्यातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मांजर देता की उसनी देता, ते एकदा ठरवा." मला ते चांगलंच झोंबलं.

त्यानंतर आली ती कबरी. मुठीएवढी होती, डोळे चिपडांनी चिकटलेले. अंगावर काळे, पांढरे, तांबडे डाग म्हणून कबरी, बाकी नाव मी ठेवलं नाही. नाव ठेवलं की द्यायला जड जातं, हा निवाऱ्यातल्या बाईंचा नियम. नाव नव्हतं ठेवलं, पण लाड काही कमी केले नाहीत. मशीन चालू असली की ती माझ्या मांडीवर झोपायची. मासा उकडून, काटे काढून दिला तरच खायची. एकदा मोरीतून झुरळ निघालं तर ही बया पळत येऊन माझ्या साडीत शिरली. नवरा म्हणाला, ही मांजर आहे हे हिला कोणीतरी सांगायला पाहिजे.

तिला मागणारी बाई माझी गिऱ्हाईकच होती. नदीपलीकडं, शिर्डीच्या रस्त्यावरून आत, शेतातल्या वस्तीवर राहणारी. ब्लाउजचं माप द्यायला आली आणि कबरीला मांडीवर घेऊन तासभर बसून राहिली. घरात नवरा, म्हातारी सासू आणि ती. मका निघाला होता, पोती घरालगतच्या शेडमध्ये रचलेली, आणि उंदरांनी उच्छाद मांडलेला. मी माझी प्रश्नावली काढली. विहिरीला कठडा आहे का, कुत्रा कसा आहे, ट्रॅक्टर मागं घेताना खाली बघता का. बिबट्याचंही विचारलं, कारण आमच्याकडं उसात बिबट्या निघणं काही नवलाचं राहिलं नाही. तिने एकेक उत्तर नीट दिलं. दिवस मावळला की माणसं, करडं, कोंबड्या सगळी आत घेतो, तशी हिलाही घेऊ म्हणाली. मला नाव ठेवायला जागाच सापडेना, म्हणून दिली.

मग माझे फोन सुरू झाले. दर दोन-चार दिवसांनी मी काहीतरी निमित्त काढायची. कबरी बरी होती, खात-पीत होती, सासूबाईंच्या पायाशी गोधडीत झोपत होती. फक्त उंदीर काही धरत नव्हती. तिचा नवरा म्हणे थट्टा करायचा की उंदीर हिच्या ताटलीतलं खातात आणि ही सरकून त्यांना जागा देते. मी फोनवर हसायची, पण मनातून ओशाळायची. माझ्याच लाडांनी ती बिनकामाची झाली होती. आणि बिनकामाचं मांजर कोण किती दिवस सांभाळणार, ही नवी काळजी मागं लागली.

थंडीचे दिवस, साखर कारखाना सुरू झालेला. मी एका ब्लाउजला बाही लावत होते आणि मोबाईलवर फोटो आला. वस्तीवरचं अंगण, मध्ये कबरी, छाती पुढं काढलेली आणि तोंडात हा एवढा उंदीर. पाठोपाठ फोन.

"ताई, धरला बरं का! तुमच्या लाडकीनं उंदीर धरला."

मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. पोरगं पास झाल्यासारखं वाटलं, दुसरं काय. एक खडा स्वतःला घेतला आणि सहज विचारलं, एवढी ही भित्री, हिला जमलं तरी कसं?

"अवो, उंदीर आता लई सुस्त झाल्यात," ती म्हणाली. "औषध ठिवलंय न्हाई का पोत्यांच्या मागं. पळतच न्हाईत."

गूळ माझ्या हातातच राहिला. तो उंदीर खाल्ला का तिने, एवढं कसंबसं विचारलं. खाल्ला की, म्हणाली, शेपटी तेवढी ठेवली. आणि आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूने, वर बक्षीस म्हणून दूध पाजलं.

मांजर काही कामाचं निघेना, म्हणून त्यांनी दुसऱ्या बाजूने बंदोबस्त केला होता. कबरीने औषधाला तोंड लावू नये म्हणून पोत्यांच्या मागं फळी आडवी लावून त्या औषधाच्या वड्या ठेवल्या होत्या. एवढी काळजी त्या बाईने घेतली होती. पण औषध खाल्लेला उंदीर मांजर खाईल, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. आणि माझ्या तरी कुठं आलं होतं? विहीर विचारली, बिबट्या विचारला. उंदराचं औषध ठेवता का, हा साधा प्रश्न विचारायचं सुचलं नाही. मला, जिला जगातलं सगळं वाईट आधी सुचतं!

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लगेच घेऊन या आणि औषधाचा खोकाही आणा. तिच्याकडची गाडी नवरा घेऊन गेला होता, म्हणून आम्हीच टोपली घेऊन स्कूटरवर निघालो. आणि पुलावर उसाच्या ट्रॉल्या! एकामागं एक, जोडून दोन-दोन, मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. मी मागं बसून नवऱ्याला, ट्रॉलीवाल्यांना, कारखान्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

वस्तीवर पोचलो तर कबरी उन्हात पाय ताणून पडलेली. मला बघून जांभई दिली. काहीएक झालेलं नव्हतं. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, बरी तर हाय की, कशाला एवढं घाबरं व्हायचं? सून बिचारी मात्र खोका हातात घेऊन दारात उभी होती, चेहरा पांढराफटक. मी तिला नको नको ते बोलले. तुमच्या घरी मुकं जनावर दिलं हेच चुकलं, असंही बोलले. तिने खोका पिशवीत टाकला. पदर खोचला आणि स्कूटरवर आमच्या मागं तिसरी बसली.

डॉक्टरांनी खोका वाचला आणि मान हलवली. या औषधाने रक्त गोठायचं थांबतं, म्हणाले. आज काही दिसणार नाही, चार-पाच दिवसांनी आतल्या आत रक्त वाहायला लागतं. म्हणून आत्ता इंजेक्शन, मग महिनाभर गोळ्या, आणि रोज हिरड्या बघायच्या. गुलाबी असल्या तर ठीक, पांढऱ्या पडल्या की धावत यायचं. वाचेल का, असं मी विचारलं. बघू, म्हणत ते इंजेक्शन भरायला लागले.

कबरीला मी धरलं होतं. सुई टोचली तशी तिने माझ्या हातांना हिसडा दिला, टेबलावरून उडी मारली आणि सरळ त्या बाईच्या खांद्यावर चढून तिच्या पदरात तोंड खुपसलं. माझे हात टेबलावर तसेच. ड्रॉपरने पाजलं मी, काटे काढून भरवलं मी, आणि भीती वाटली तेव्हा ती गेली तिकडं. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तरी मी टोपलीचं झाकण उघडलं आणि म्हटलं, मी हिला घरी नेते, गोळ्या मी देईन.

ती पदरातल्या मांजरावर हात ठेवून उभी राहिली. "औषध मी ठिवलंय, ताई," ती म्हणाली. "गोळ्या बी मीच देनार. न्हेते म्हनू नका."

मी नवऱ्याकडं बघितलं. एरवी ज्याच्या तोंडाला खळ नाही तो माणूस खिडकीबाहेर बघत बसला. निवाऱ्यातल्या बाईंचं ते उसनं देण्याचं बोलणं आठवलं, आणि रागच आला. मी टोपलीचं झाकण लावलं. पण रोज सकाळी मला हिरड्यांचा फोटो पाहिजे, एवढं मी दरडावून सांगितलं. तिने मान डोलावली.

तेव्हापासून माझी सकाळ फोटोने उजाडायला लागली. कधी अंधुक, कधी नुसता तिचा अंगठा आणि एक सुळा. मी तो मोठा करून बघायची, दारात उजेडात नेऊन बघायची. एकदा तर आरशात स्वतःचा ओठ वर करून रंग जुळतो का ते पाहिलं. नवऱ्याने बघितलं आणि काही बोलला नाही, म्हणजे प्रकरण किती वाढलं होतं बघा. एका गिऱ्हाइकाचा गळा पुढचा मागं आणि मागचा पुढं कापला. भूक नाही, झोप नाही. गुलाबी आहे, गुलाबी आहे, असं स्वतःशी म्हणत मी मशीन चालवायची.

आणि एक दिवस फोटो आलाच नाही. मी फोन केला, कोणी उचलला नाही. पुन्हा केला. चप्पल पायात घालत होते तेवढ्यात तिचाच फोन. वाऱ्याचा आवाज, मध्येमध्ये तिचा. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, नाकातून रक्त येत होतं, आणि नवऱ्याच्या गाडीवरून ती कबरीला घेऊन निम्म्या रस्त्यात पोचलीही होती. मला कळवायला ती थांबली नाही, आणि तेच बरोबर केलं.

मी पोचले तेव्हा आत सलाईन चालू होतं. विष जास्त होतं, गोळ्या पुरल्या नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसलो. तिच्या साडीवर रक्ताचे ठिपके होते. मी बोललेलं सगळं मला आठवत होतं, तिलाही आठवत असणार. मी पाण्याची बाटली पुढं केली आणि त्या दिवशी फार बोलले, असं म्हणाले. ती म्हणाली, जाऊ द्या. मग सांगायला लागली की आत्याबाईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही, निघताना रिकाम्या गोधडीकडं बघत बसल्या होत्या. घरातलं सगळं औषध नवऱ्याने शोधून शोधून काढलं आणि खोल खड्डा करून पुरलं.

"पन ताई, बांधापलीकडच्यांच्या शेडात अजून हाय," ती म्हणाली. "उंदराला बांध कुठं कळतोय?"

माझी आयुष्यभराची काळजी दुसऱ्याच्याच तोंडून ऐकू यावी, तसं झालं. आम्ही दोघी दाराकडं बघत बसून राहिलो.

दुपार कलली तेव्हा डॉक्टरांनी आत बोलावलं. कबरी मान टाकून पडली होती, पण त्यांनी ओठ वर करून दाखवला. किंचित, अगदी किंचित गुलाबी. कबरीची मालकीण रडली आणि तिच्याबरोबर मीही.

पुढं महिनाभर गोळ्या चालल्या, गुळासारखं गोड बोलून भाकरीच्या काल्यातून दिल्या. कबरी वाचली. आता तिला शेडकडं फिरकू देत नाहीत. दिवसभर सासूबाईंच्या खाटेवर असते, अगदी बिनकामाची, आणि तिला कोणी काही म्हणत नाही.

यंदा उन्हाळ्यात माझ्याकडं पुन्हा दोन पिल्लं आली. ती जरा मोठी झाली आणि एके दिवशी कबरीची ही मालकीण दारात हजर, सोबत एक अनोळखी बाई. बांधापलीकडची हीच, तिने ओळख करून दिली, मांजर पाहिजे म्हणते. मी पिल्लं बाहेर काढली. त्या बाईने हात पुढं केला, तर हिने मध्येच पिल्लू उचलून स्वतःकडं घेतलं आणि तिच्याकडं रोखून बघितलं.

"आधी सांग, उंदराचं औषध ठिवतीस का?"

ठेवायचो, ती बाई चाचरत म्हणाली, आता नाही ठेवणार. न्हाई म्हंजी न्हाईच का, हिने विचारलं. पुरलेलं दाखवशील का? कोनी घरात आनलं तर? रोज सकाळी हिरड्या बघशील? त्या बाईला घाम फुटला. सगळं कबूल करून घेतल्यावर हिने पिल्लू तिच्या ओटीत दिलं आणि माझ्याकडं वळली. ताई, आता तुमचं काय ते विचारा, म्हणाली.

मला विचारायला काही उरलंच नव्हतं. तरी मी विहिरीच्या कठड्याचं विचारून घेतलं.