चिलरवरचा मोर

एका धापा टाकणाऱ्या चिलरला मी एकदा टेबलक्लॉथ पांघरला होता. त्यावर मोर होता, माझ्याच हातचा, क्रॉसस्टिचचा, पिसारा फुलवलेला. मोराच्या डोक्यापाशी पितळेचा हत्ती ठेवला. चिलर इतका थरथरत होता की हत्ती चालायला लागला, म्हणून मी चिलरचा प्लगच काढून टाकला. आणि हे सगळं कधी, तर तोच चिलर ज्याला दाखवायचा तो माणूस दारात येऊन पोचायच्या जरा आधी.

नातीला हे सांगितलं की ती डोळे मोठे करून विचारते, "आजी, बट व्हाय?" सहा वर्षांच्या पोरीला पडतो तो प्रश्न मला तेव्हा, चांगल्या पन्नाशीला टेकलेल्या बाईला, पडला नव्हता.

आता तो चिलर कुठला, ते सांगते. तेव्हा आम्ही आखातात, करामा नावाच्या वस्तीत राहायचो आणि जवळच्याच एका लहानशा हॉटेलाच्या तळमजल्यावरचा पब चालवायचो. चालवायचो म्हणजे भाड्याने. हॉटेल एका कंपनीचं, दारूचा परवानाही तिच्याच नावावर. जागा त्यांची, टेबलं-खुर्च्या त्यांच्या, बाटल्या गार करायचा तो मोठा चिलरही त्यांचा, आणि बिघडला तर नीट करून द्यायचा तोही त्यांनीच. आम्ही भाडं द्यायचंच, शिवाय तिथे पोटात जाणारं प्रत्येक पेय, बिअरपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत, त्यांच्याकडूनच घ्यायचं, ते म्हणतील त्या भावाने. बाहेर स्वस्त मिळालं तरी नाही. आमचे हे म्हणायचे, "लग्नासारखंच आहे. एकदा सही केली की बाजारात भाव विचारत फिरायचं नाही." हा टोमणा कंपनीला होता की मला, ते मी अजून विचारलेलं नाही.

हे काउंटर सांभाळायचे आणि मी किचनमधल्या कुकच्या डोक्यावर बसलेली. येणारी माणसं आपलीच. साइटवरचे सुपरवायझर, ऑफिसातली मंडळी, दोन-चार मालवणी तर केवळ तळलेल्या बांगड्यासाठी यायचे आणि बिअर आपली लाजेकाजेस्तव घ्यायचे.

त्या उन्हाळ्यात चिलर आजारी पडला. आतल्या बाटल्या कोमट, बाहेर पाण्याची धार, आणि आवाज असा की कोपऱ्यात म्हैस बांधलीय. ह्यांनी कंपनीला फोनावर फोन केले. पलीकडून दरवेळी तेच, "पाठवतो माणूस, इन्शाल्ला." माणूस काही येईना. मग हे रोज भर दुपारी बर्फाच्या पिशव्या गाडीतून आणायचे, टबात बाटल्या पुरायचे, बर्फ वितळला की पुन्हा निघायचे. बोटं लाल व्हायची, खांदा धरायचा. घरी आले की मी तेल लावायचे आणि हे डोळे मिटून म्हणायचे, "आज बिअर बरी गार होती." स्वतःचा खांदा राहिला बाजूला.

मला ते बघवेना. बर्फ तर माझ्याच्याने उचलला जात नव्हता. म्हणून मी घरून सोलकढी न्यायला लागले. गावची आमसुलं, ताज्या नारळाचं दूध, लसूण-मिरची वाटून, वरून कोथिंबीर. घरच्या फ्रिजात गारढोण करून स्टीलच्या कॅनमधून न्यायची आणि बांगड्याबरोबर प्रत्येकाला एकेक ग्लास. फुकट. सोलकढीचे कोणी पैसे लावतं का? माणसं एकावर एक ग्लास रिचवायची आणि मी किचनच्या दारातून बघत फुगायचे. कराराबिरारात काय लिहिलंय हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. सही ह्यांची, सोलकढी माझी.

आमचा करार संपत आला होता. नवा करायचा की नाही ते ठरवण्याआधी कंपनीचा माणूस पब बघून जाणार होता. नवा झाला नाही तर पब जाणार, पबबरोबर व्हिसा जाणार. लेक बारावीला, तिची शाळा अर्ध्यावर. कुक आणि दोन वेटरही आमच्याच भरवशावर घरी पैसे पाठवणारे. आम्ही दोघं वेंगुर्ल्याला परत जाऊन काय करणार होतो, कोण जाणे. ह्या वयात नारळ पाडायला चढणार होतो थोडेच?

नेमकं त्याच दिवशी ह्यांना कुकच्या व्हिसाच्या मेडिकलसाठी जावं लागलं. निघताना मला म्हणाले, "तो आला की आधी चिलर दाखव. बाकी काही बोलू नकोस. नुसता चिलर. चिलरच बोलेल आपल्या बाजूने."

मी मान हलवली आणि हे जाताच कामाला लागले. पाहुणा येणार म्हणजे काय करायचं हे मला सासूबाईंनी शिकवलं होतं. चादर बदलायची, फुटका कप मागे सारायचा, घरातलं रडगाणं गायचं नाही. आल्या माणसाला गळका चिलर काय दाखवायचा? काय म्हणेल तो, ह्यांना साधी जागा नीट ठेवता येत नाही? म्हणून मोर, म्हणून हत्ती, म्हणून प्लग. खालची बादलीसुद्धा मी पडद्यामागे सरकवली. मग लांब उभी राहून बघितलं. वाटलं, अगदी एखाद्या मोठ्या घरचा दिवाणखाना. आज वाटतं, त्या बाईला कोणीतरी हत्तीसकट उचलून बाहेर ठेवायला हवं होतं.

आलेला माणूस निघाला रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान. इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं. मी मराठी बोलले तसा चेहरा एकदम सैल झाला. आता आपलाच माणूस म्हटल्यावर मला आणखी काय हवं होतं? मी त्याला बसवलं आणि विचारलं, "बिअर घेणार ना?"

तो हसला. "भाभी, आमच्यात नाय चालत."

पबवाल्या कंपनीचा मॅनेजर, आणि थेंबाला शिवत नाही. मग सोडा तरी द्यावा. पण बर्फ आलेला नव्हता आणि प्लग मीच काढलेला, सोडा अंघोळीच्या पाण्यासारखा. पाहुण्याला कोरड्या घशाने पाठवणं शक्यच नव्हतं. मी आत गेले आणि सोलकढीचा ग्लास भरून आणला.

त्याने एक घोट घेतला, थांबला. दुसरा घेतला. म्हणाला, त्याची अम्मी अशीच करायची, फक्त मिरची जास्त घालायची. झालं. मला पंख फुटले. मी सांगून टाकलं की ही आम्ही सगळ्यांना देतो, रोज ताजी असते, गिऱ्हाइकं खास हिच्यासाठी येतात. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही.

"आमची माणसं दुसरी बिअर नको म्हणतात आणि हीच मागतात. कोल्ड्रिंकला तर कोणी हात लावत नाही."

ग्लास त्याच्या ओठांपाशीच राहिला. मग शांतपणे म्हणाला, "असं होय. तरी ऑफिसात सगळे विचार करत होते, इथला खप का उतरला." मला ते कौतुक वाटलं. मी लाजलेसुद्धा.

त्याने आणखी एक ग्लास मागितला. मी आत जाऊन कॅन ढवळून, काठोकाठ भरून आणला. तो प्यायला, आभार मानले, उठला. दारात एकदा वळून त्या मोराकडे बघितलं. मी म्हटलं, मीच काढलाय. "वाटलंच मला," म्हणाला आणि गेला.

हे परत आले तेव्हा मी आनंदात होते. माणूस किती सज्जन, दोन ग्लास प्यायला, मराठीत बोलला, सगळं भराभर सांगितलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "चिलर दाखवलास?"

"झाकला."

हे चिलरपाशी गेले. मग करारात काय आहे ते समजावून सांगितलं, अगदी हळू, लेकीला गणित शिकवायचे तसं. म्हणजे आपली बाजू मी टेबलक्लॉथखाली घातली होती आणि आपला गुन्हा ग्लासात ओतून त्याच्या हातात दिला होता, तोही दोनदा.  ओरडतील, निदान कपाळावर हात तरी मारतील म्हणून मी वाट बघत राहिले. ह्यांनी हत्ती उचलून काउंटरवर ठेवला, टेबलक्लॉथची घडी केली, त्या घडीवरून हात फिरवला.

"मोर मात्र छान काढलायस गं," म्हणाले. आणि बर्फ आणायला गेले. मी किचनमध्ये जाऊन लसूण सोलत बसले, गरज नसताना.

चार-सहा दिवसांनी कंपनीने मरीना भागातल्या ऑफिसात बोलावलं. मीही जाणार म्हणून हटून बसले. मेट्रो तेव्हा नवी होती. ह्यांना खिडकीतून बाहेर बघायला फार आवडायचं, पण त्या दिवशी बूटच बघत बसले होते. ऑफिस काचेच्या टॉवरात, खाली पाण्यात बोटी. एसी इतका की मनात आलं, इथल्या भिंतीला टेकवल्या असत्या तरी आमच्या बाटल्या गार झाल्या असत्या.

मोठे साहेब इंग्लंडचे. त्यांच्या देशातही म्हणे असेच पब असतात, मालक कंपनी आणि चालवणारा भाडेकरू, आणि पेयं मालकाकडूनच घ्यायची. त्यामुळे हे सगळं त्यांना नवं नव्हतं. आमचा रत्नागिरीवाला शेजारी बसलेला. साहेबांनी त्याला काय बघितलंस ते सांग म्हटलं, आणि त्याने सांगितलं. बाहेरचं पेय देतात, रोज देतात, मी स्वतः प्यायलो, दोन ग्लास. एक शब्द लपवला नाही.

माझ्या कानशिलात जाळ झाला. माझ्या हातचं पिऊन माझ्यावरच? मनातल्या मनात मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या वेंगुर्ल्याच्या बाजारात कोळणीही उसन्या मागतील. हे मात्र सरळ म्हणाले, "येस सर, देतो." ह्यांची मान खाली गेली ती मला दिसली, आणि त्या शिव्या मी माझ्याकडे वळवल्या.

पण त्याचं सांगून संपलं नव्हतं.

"अंडर द टेबलक्लॉथ, सर, देअर वॉज अ चिलर," तो म्हणाला.

दुसरा ग्लास त्याने तहानेने मागितलाच नव्हता. मी आत गेले तेवढ्यात त्याने मोराचं टोक वर केलं होतं, दार उघडून बाटल्यांना हात लावला होता, पडद्यामागची बादलीही बघितली होती. मग ऑफिसात येऊन आमच्या तक्रारी कुठे अडकल्या ते शोधून काढलं होतं. उन्हाळाभर केलेले फोन, आणि त्यावर काहीच केलेलं नाही. त्याचं म्हणणं, त्यांनी करार मोडला हे खरं, पण आधी आपण, म्हणजे कंपनीने मोडला. एकाचंच मोजायचं आणि दुसऱ्याचं नाही, असं कसं?

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. चिलर झाकला का, म्हणून विचारलं. टीव्ही बघून शिकलेलं माझं सगळं इंग्रजी त्या एसीत गोठलं. कसंबसं तोंडातून आलं, "गेस्ट, सर."

साहेबांना काही कळेना. रत्नागिरीवाल्याने मग त्यांना बरंच काही समजावलं. माझा एक शब्द, त्याची एवढी मोठी वाक्यं. साहेब आधी गंभीर होते, मग ओठ दाबून खिडकीतल्या बोटींकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

सगळं काही मनासारखं झालं असं नाही. पेयांचे भाव कंपनीने एका पैशाने उतरवले नाहीत. करार झाला, पण आम्हाला हवा होता त्याहून कमी मुदतीचा. चिलर मात्र नवीन, लगेच. जुना बिघडलेला होता तेवढ्या काळाचं भाडं कमी केलं. आणि सोलकढी जेवणाबरोबर द्यायला मुभा, हे करारात लिहून. ते लिहिणाऱ्या वकिलीणबाईंना स्पेलिंग सांगता सांगता ह्यांना घाम फुटला. लेकीची बारावी इथेच झाली. कुक अजून आहे, आता लेकीशी आणि जावयाशी भांडतो. पब तेच दोघं बघतात.

टेबलक्लॉथ आमच्या डायनिंग टेबलावर आहे. नात मोराच्या डोळ्यावर दुधाचा कप ठेवते. हे आता बर्फ उचलत नाहीत, पण खांदा अजून धरतो, आणि तेल लावताना कधी कधी डोळे मिटूनच विचारतात, "पाहुणे कोणी आलेत का गं? काय काय झाकलंस?"

तर त्या दिवशी मरीनाच्या ऑफिसातून निघताना रत्नागिरीवाला आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आला. हे त्याचा हात हातात धरून उभे. मी खाली बघत होते, मनातल्या शिव्या परत कशा घ्यायच्या ते कळत नव्हतं. लिफ्ट आली तेव्हा तो मला म्हणाला,

"भाभी, आमचं रत्नागिरीचं घर गळायचं. पाहुणा आला की अम्मी गळतीखालचं घमेलं उचलून आत लपवायची, लाज वाटायची तिला. आणि पाहुणा बिचारा भिजून जायचा. पुढल्या खेपेला मला भिजवू नका."