ब्वाव्हेरचे ग्रीनवुड कसे झाले

मिस्टर ग्रीनवुड यांनी हनुवटी वर उचलली, डोकं मागे टाकलं आणि अर्धवट मिटलेल्या डोळ्यांतून माझ्याकडे बघत विचारलं, "डॉक्टर, पंधरा दिवसांनी माझी छाती उघडणार आहेत. खरंच गरज आहे का?"

मी त्यांची फाइल पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला लागले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेजवळ एका ग्रुप प्रॅक्टिसमध्ये मी न्यूरॉलॉजिस्ट होते. ग्रीनवुड मूळचे आमचे सीनियर पार्टनर डॉ. हॅरिसन यांचे पेशंट. त्या दिवशी फॉलोअपसाठी माझ्याकडे आले होते. वय छप्पन्न. शेजारच्या एडिसन गावात स्कूल बस चालवायचे. दोन वर्षांपासून पापण्या खाली उतरत होत्या. जेवताना ठसका लागायचा. बस चालवणं त्यांनी स्वतःहून थांबवलं होतं. म्हणाले, "मागे चाळीस पोरं बसलेली असतात."

निदान होतं मायस्थेनिया. म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत धड पोचत नाही, आणि वापरून वापरून स्नायू थकतो. त्यावरचा एक उपाय म्हणजे छातीच्या हाडामागची थायमस नावाची ग्रंथी काढून टाकणं. तेच ऑपरेशन ठरलं होतं.

पण मायस्थेनियाचा पेशंट सकाळी बरा असतो आणि संध्याकाळपर्यंत ढेपाळतो. ग्रीनवुड यांच्या पापण्या सकाळ-संध्याकाळ सारख्याच. रक्ताची टेस्ट निगेटिव्ह. गोळ्यांनी फरक नाही. एका इंजेक्शननंतर पापणी जराशी उचलल्यासारखी वाटली होती, निदानाची सगळी भिस्त त्यावर.

"घरात आणखी कुणाला असं होतं?" मी विचारलं.

"वडिलांचे डोळे असेच झोपाळू होते. शेवटी शेवटी खाताना गुदमरायचे. न्यूमोनियानं गेले."

मला रेसिडेन्सीत वाचलेलं एक पान आठवलं. पन्नाशीच्या आसपास पापण्या आणि गळा, दोन्हींचे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा एक आनुवंशिक आजार आहे. दुर्मीळ. पण कॅनडातल्या फ्रेंच कुटुंबांमध्ये तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

"तुमच्या घराण्यात कुणी फ्रेंच?"

ते हसले. "छे! ग्रीनवुड म्हणजे पक्के इंग्लिश. वडील तर फ्रेंच लोकांची टिंगल करायचे."

तिथेच गाडी अडली. जीनची टेस्ट तेव्हा यायची होती. मी विचारलं, वडिलांच्या बाजूचं कुणी हयात आहे का? एक आत्या होती. रोझ. वय चौऱ्याऐंशी, मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या गिरणगावात वृद्धाश्रमात. माझ्याच ऑफिसमधून आम्ही स्पीकरफोनवर तिला फोन लावला.

मी स्वतःची ओळख करून दिली आणि विचारलं, तुमच्या वडिलांचं घराणं मूळचं कुठलं?

"डॉक्टरला आमच्या घराण्याशी काय करायचंय?" आवाज एकदम कोरडा झाला. पलीकडून फोन ठेवला जाणार असं वाटलं.

मग मी एक गोष्ट सांगितली, जी ऑफिसात कधी कुणाला सांगितली नव्हती. आम्ही नागपूरचे. आमच्या आडनावावरून जात कळायची. माझ्या काकांना मुंबईत भाड्यानं खोली मिळेना, म्हणून त्यांनी आडनाव बदललं. त्यांच्या मुलांना ते कळलं तेव्हा मुलांचीही लग्नं झाली होती.

फोन ठेवला गेला नाही.

"तुझे काका," रोझ म्हणाल्या, "झोपेत कुठल्या नावाला ओ द्यायचे?"

"माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही."

"ब्वाव्हेर," त्या म्हणाल्या.

"काय?" ग्रीनवुड पुढे वाकले.

"तुझं आडनाव, बाळा. ब्वा म्हणजे वुड. व्हेर म्हणजे ग्रीन. आम्ही कॅनडातल्या क्वेबेकहून आलो. गिरणीतल्या फोरमनला नाव उच्चारता येईना, आणि चांगली कामं इंग्लिश नावांना मिळायची. एका रविवारी पप्पांनी आम्हा भावंडांना समोर बसवलं. म्हणाले, उद्यापासून आपण ग्रीनवुड, आणि घरातसुद्धा फ्रेंच बंद. तुझा बाप तेव्हा बारा वर्षांचा होता. खूप रडला."

"पण ते तर टिंगल..." ग्रीनवुड यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

मी विचारलं, "तुमच्या पप्पांच्या पापण्या कशा होत्या?"

"उतारवयात पडल्या. त्यांच्या आईच्याही. तिला ब्रेड दुधात भिजवून द्यावा लागायचा. मी तेवढी सुटले."

दुसऱ्या दिवशी मी डॉ. हॅरिसन यांना गाठलं.

"आडनावावरून ऑपरेशन कॅन्सल करायचं?" ते म्हणाले.

"कॅन्सल नको, पोस्टपोन करू. आधी स्नायूची बायॉप्सी."

"आणि ती नॉर्मल आली तर?"

"तर मी चुकले. छाती नंतरही उघडता येईल."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. नाराजीनंच. दंडातल्या स्नायूचा लहानसा तुकडा काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासायला पाठवला.

रिपोर्ट येईपर्यंत मला चैन नव्हतं. शनिवारी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाऊन फ्रेंच आडनावांवरची पुस्तकं काढून बसले. ब्वाव्हेर म्हणजे हिरवं रान, हे आत्यांनी सांगितलंच होतं. नवीन कळलं ते असं: कॅनडात आलेल्या जुन्या फ्रेंच घराण्यांना बरेचदा दोन आडनावं असत. एक खरं, आणि पुढे 'दी' लावून दुसरं, म्हणजे 'या नावानं ओळखला जाणारा'. सैन्यात पडलेलं किंवा जमिनीवरून आलेलं ते टोपणनाव. काही पिढ्यांनी खरं नाव गळून जायचं आणि टोपणनावच उरायचं. ब्वाव्हेर हे अशा नावांपैकी एक. एकाहून अधिक घराण्यांनी ते घेतलेलं. म्हणजे आत्यांनी सत्तर वर्षं जपलेलं नावही बहुधा कुणीतरी मागून जोडलेलंच होतं. मला कितीतरी वेळ उठावंसंच वाटेना.

रिपोर्ट आला. स्नायूच्या पेशींच्या केंद्रात या आजाराच्या खुणेचे बारीक तंतू दिसले होते. डॉ. हॅरिसन यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, फोन उचलला आणि ऑपरेशन कॅन्सल केलं. मला म्हणाले, "गुड कॅच." बस्स.

आजार बरा होणारा नव्हता, तसं मी ग्रीनवुड यांना स्पष्ट सांगितलं. त्यांच्या दोन मुलींपैकी प्रत्येकीला तो होण्याची पन्नास टक्के शक्यता आहे, हेही सांगितलं. ते ऐकताना मात्र त्यांनी मान खाली घातली. पुढे पापण्या उचलून शिवण्याचं छोटं ऑपरेशन झालं. नंतर गळ्यातला एक आवळून बसणारा स्नायू सैल केला. बस त्यांनी पुन्हा चालवली नाही, पण त्याच कंपनीत डिस्पॅचचं, म्हणजे बसगाड्या वेळेवर सोडण्याचं काम घेतलं. आत्यांना भेटून आले. तिथे अर्धा दिवस त्या त्यांच्याकडून 'ब्वाव्हेर' म्हणवून घेत होत्या म्हणे, आणि दर वेळी चुकलं म्हणत होत्या.

पेशंट खोटं बोलत नाही. त्याच्या घरच्यांनी त्याला जेवढं सांगितलंय, तेवढंच तो आपल्याला सांगतो. फॅमिली हिस्टरीच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवून घेतली: आजोबांचं आडनाव हेच होतं का? बहुतेक जण ती कोरी सोडतात. मग मी तोंडी विचारते.