लिस्कानं खाल्लेलं छप्पर

आमच्या वस्तीत सगळ्यांत देखणं छप्पर येवदोखाच्या घराचं होतं, आणि ते तिनं स्वतः शाकारलं होतं. तिचा नवरा ओनुफ्री गडी कामाचा, पण शिडीवर चढला की त्याला भोवळ यायची. म्हणून ती वर वाशांवर आणि तो खालून पेंढ्या फेकायला. "नीट फेक की रे! बायकोला मारतोस काय?" ती वरून ओरडायची, आणि आम्ही सगळे हातातलं काम टाकून बघत बसायचो. पलीकडच्या इंग्रज शेजाऱ्यांची छपरं फळ्यांची होती. ते आमच्या गवती घरांना हसायचे. हसेनात का! फळ्या गाईला खाता येत नाहीत.

युरोपातल्या गॅलिशियातून आम्ही सगळे एकाच बोटीनं इकडं कॅनडात, मॅनिटोबात आलो. इथं सरकारनं फुकट जमीन दिली, म्हणजे झाडं, दगड आणि डास दिले. जमीन त्यांच्याखालून आमची आम्ही काढायची होती. येवदोखाची लेक हाफिया इथंच जन्मली. मी तिची धर्ममाता, त्यामुळे येवदोखा मला कुमा म्हणायची आणि मी तिला.

आमच्यात म्हणतात, मूर्खाचा चारा संत युरीपर्यंत, शहाण्याचा संत मिकोलापर्यंत. मायदेशी मे महिन्यात युरीचा सण आला की गुरं कुरणात सोडायची, म्हणून बहुतेकांची बेगमी तेवढीच. मिकोला त्यानंतर पंधरवड्यानं. इथं येऊनही आम्ही त्याच हिशोबानं गवत कापलं. त्या साली युरी बर्फात आला आणि मिकोलाही बर्फातच आला, तेव्हा शहाणेसुद्धा आमच्याच पंगतीला बसले.

युरीच्या सकाळी येवदोखानं रिवाजाप्रमाणे वाळुंजाची फांदी घेतली आणि लिस्काला, म्हणजे तिच्या एकुलत्या एक गाईला, बाहेर काढलं. गाईनं बर्फाला नाक लावलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि आपणहून गोठ्यात परत गेली. "बघ, हिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं," मी म्हटलं. येवदोखा हसली नाही.

हसणार कशी? ओनुफ्री हिवाळ्यात लाकूडतोडीला दूर उत्तरेला गेलेला. तीन वर्षांची हाफिया खोकून खोकून काडी झालेली. आमची म्हातारी सुईण टेक्ल्याआजी तिला तपासून म्हणाली होती, "औषध माझ्याकडं नाही. हिला दूध पाहिजे. गाय व्याली की पोर उभी राहील." लिस्का गाभण होती, व्यायला तीन-चार आठवडे होते, आणि चारा संपला होता. वस्तीतल्या बाकीच्या गाई एक तर आटलेल्या, नाही तर मेलेल्या. गाय जगली तर पोर जगणार, इतकं ते सरळ होतं.

आधी गोठ्याचं छप्पर उतरलं. ते संपल्यावर येवदोखानं घराला शिडी लावली. वरचा काळा, कुजका थर ती खाली टाकायची आणि आतलं पिवळं गवत बारीक चिरून, गरम पाण्यात मीठ आणि मूठभर कोंडा घालून लिस्कापुढं ठेवायची. चूल होती त्या बाजूचं छप्पर तिनं राखलं, कारण चुलीच्या मातीच्या कट्ट्यावर हाफिया झोपायची.

"अगं, दोघी आमच्याकडं या," असं मला म्हणवेना. आमच्या घरात माझ्या तिन्ही पोरांना डांग्या खोकला होता. या पोरीला तिथं नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

उपाशी गाय एकदा बसली की आपली आपण उठत नाही. म्हणून आम्ही बायका रोज सकाळी जायचो. गाईच्या पोटाखालून पोतं घालायचं, दोघींनी दोन्हीकडून उचलायचं आणि एकीनं शेपूट धरायचं.

"ओढ! बोटं लोण्याची आहेत का?" टेक्ल्याआजी माझ्यावर खेकसायची.

"आजी, उपटून हातात येईल ते!"

"येऊ दे. शेपटातून दूध येत नाही."

घरातून, चुलीच्या कट्ट्यावरून हाफियाचं हसू ऐकू यायचं. मग खोकला. मग ती विचारायची, "आई, लिस्का उठली?" आणि येवदोखा ओरडून सांगायची, "उठली गं, उठली!" गाय उठलेली नसली तरी.

मग गारठ्याचा पाऊस सुरू झाला, अर्धा पाऊस, अर्धा बर्फ, आणि वारा असा की चुलीतली धग चुलीतच राहीना. उघड्या वाशांवर येवदोखानं गोधड्या, पोती, ओनुफ्रीचा मेंढीच्या कातड्याचा जुना कोटसुद्धा टाकला. पोरीला ताप भरला. पाऊस थांबायच्या आत हाफिया गेली.

जमीन अजून गोठलेली होती. खड्डा खणण्याआधी तिथं शेकोटी पेटवून ती मऊ करावी लागली. पाद्री नव्हता, टेक्ल्याआजीनंच प्रार्थना म्हटली. येवदोखा तिथून परतली ती थेट गोठ्यात. "कुमा, पोतं धर," ती मला म्हणाली. मी धरलं. मला काहीच दिसत नव्हतं, नुसती डोळ्यांतून धार लागली होती, पण धरलं.

लोक बोललेच. छप्पर काढलं म्हणून पोर गेली म्हणे. बोलणाऱ्यांच्या जिभेला हाड असतं का? छप्पर राखलं असतं आणि गाय मेली असती, तर हेच म्हणाले असते की गवताच्या चार पेंढ्यांसाठी लेकीचं दूध घालवलं. मी एकीला तिच्या दारात उभी राहून हे सुनावलं, आणि आजही सुनावीन.

दहा दिवसांत ऊन पडलं. लिस्का व्याली, गोऱ्हा झाला. कोवळं गवत वर आलं आणि गाईला पान्हा असा फुटला की बादली भरून वाहायची. येवदोखा सकाळ-संध्याकाळ दूध काढायची, ज्या ज्या घरात पोरं होती तिथं वाटायची आणि स्वतः थेंब तोंडाला लावायची नाही. माझी पोरं त्या दुधावर बरी झाली. देवाचे आभार मानायला गुडघे टेकले की मला शब्दच सुचायचे नाहीत.

एका दुपारी मी दूध घ्यायला गेले असताना ओनुफ्री आला. दाढी वाढलेली, बूट फाटलेले. त्याला काही कळवायला तिकडं ना टपाल जायचं ना माणूस.

"छप्पर कुठं गेलं गं?" त्यानं दारातूनच विचारलं.

"लिस्कानं खाल्लं," येवदोखा म्हणाली.

तो मोठ्यानं हसला. गोठ्यात डोकावला, गोऱ्ह्याला थोपटलं, आत येऊन बाकावर बसला. तिनं त्याच्यापुढं दुधाचा मग ठेवला. तो एका दमात प्यायला आणि मिशा पुसत माझ्याकडं वळला.

"बघितलंस कुमा? बायको असावी तर अशी! छप्पर काय, मी चार दिवसांत उभं करीन. गाय वाचवलीन हिनं, आता कसली काळजी?" मग येवदोखाला म्हणाला, "अगं, पोरीला हाक मार की. बघू तरी, बापाला ओळखते का."

येवदोखा दारात गेली. दोन्ही हात चौकटीला धरून तिनं खरंच हाक मारली, "हाफियो! ए हाफियो! बाबा आले गं!" रोज जेवायला बोलवायची तशी, अगदी तशीच. मग ती तिथंच उभी राहिली, पाठमोरी. ओनुफ्री हसत दाराकडं बघत होता, आणि त्याला सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.