उजव्या हाताने घेतलेला प्रसाद

ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे, त्या दिवसांत माझा देवावर विश्वास होता की नव्हता हे मला सांगता येणार नाही. आई मंगळवार करायची म्हणून मीही देवीला हात जोडायचे, पण जोडताना आजूबाजूला कुणी ओळखीचं पाहत नाही ना, याकडे माझं जास्त लक्ष असे. माझं शिक्षण पहिल्यापासून इंग्रजी शाळेत झालेलं. डॉक्टरकीची शेवटची परीक्षा पास होऊन मी सोलापुरातल्याच एका मोठ्या रुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डात इंटर्न म्हणून लागले होते. पुस्तक तोंडपाठ होतं. खेड्यातून आलेल्या बायकांशी बोलायची मात्र मला भीती वाटायची. त्या एका दमात बोलत, निम्मं मला कळत नसे, आणि पुन्हा विचारायची लाज वाटे. म्हणून मी कमी विचारायचे आणि केसपेपरवर भराभरा लिहायचे. माझं अक्षर चांगलं होतं. चांगल्या अक्षरात लिहिलेलं सगळ्यांना खरं वाटतं.

भीमाबाई वळसंगकडच्या एका वस्तीवरून आली होती. वय पस्तिशीचं असेल. गळ्यात काळ्या मण्यांच्या दोन जाड पोती, बोरमाळ, डोक्यावरून पदर. विहिरीवर पाणी शेंदताना तिचे हात आखडले, पोहरा सुटला आणि ती काठावरच कोसळली. आत पडली नाही एवढंच. नवऱ्याने घाबरून तिला दवाखान्यात आणलं. सोबत आलेल्या सासूला मात्र हे अजिबात पटलं नव्हतं.

"आजारी कशाची? अंगात येतंय तिच्या," सासू मला म्हणाली. "दीड वरीस झालं. आरती सुरू झाली की हात असं वळत्यात, बोलनं बंद हुतंय. हात सुटलं की आजूबाजूच्या बायका नारळ घेऊन येत्यात की इचारायला."

भीमाबाई खाली मान घालून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "हात दुकत्यात बाई. लई दुकत्यात."

मी ते लिहिलं नाही. मी लिहिलं, ‘हिस्टेरिया’. मागील आजार आणि शस्त्रक्रिया या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलं, तिला न विचारता. मानेच्या तपासणीपुढे ‘सामान्य’ लिहिलं. तिच्या गळ्यातल्या पोती बाजूला करायला सांगायचा मला संकोच वाटला. सौभाग्याच्या वस्तूला हात कसा लावायचा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला लवकर निघायचं होतं. तिच्या खाटेपाशीच उभी राहून मी माझ्याबरोबरच्या मुलीला इंग्रजीत म्हणाले, "शी इज अ‍ॅक्टिंग." आम्ही दोघी हसलो.

वॉर्डाच्या डॉक्टरांनी माझा कागद वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडायचं आणि नवऱ्याच्या हातात वेड्यांच्या इस्पितळासाठी चिठ्ठी द्यायची, असं ठरलं. चिठ्ठीही मलाच लिहायची होती.

तो दुसरा दिवस मंगळवार होता. सोडण्यापूर्वी रक्तदाब मोजायचा म्हणून मी सकाळी भीमाबाईच्या दंडाला पट्टा बांधला, उजव्या हाताने फुगा दाबत पारा वर चढवला आणि कानात नळ्या घालून वाकले. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई होती ती. विणकर घरातली तेलुगू बाई, ठेंगणी, कपाळभर कुंकू. पहाटेच रूपाभवानीच्या देवळात जाऊन आली होती आणि वॉर्डभर साखर-खोबरं वाटत होती.

मी डावा हात पुढे केला.

"अय्यो, डावा हात नको अम्मा! देवीचं आहे. डॉक्टर झाली, येवढं नाही शिकवलं?"

सगळ्या बायका हसल्या. माझे कान तापले. मी फुगा तसाच खाली सोडला, नळ्या काढल्या, उजवा हात पुढे केला. म्हातारी तेवढ्यावर सोडीना. आधी कुंकू लावलं. मग माझ्यासमोर खा म्हणाली. मग लग्न झालं का विचारलं. नाही म्हटल्यावर, का नाही, आई-बाप आहेत ना, वर कुठे कुठे पाहिले, हे सुरू झालं. मला कुणाला मधेच तोडता येत नाही. मी मान हलवत उभी राहिले. पट्टा भीमाबाईच्या दंडाला आवळलेला आहे, हवा सोडायची राहिली आहे, हे मी पार विसरले.

"बाई," भीमाबाई हळूच म्हणाली, "हात... बगा की."

मी वळले. तिचं मनगट वाकलं होतं. बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली होती आणि अंगठा आत तळव्याकडे वळला होता. तो आकार मी ओळखत होते. पुस्तकात त्याचं चित्र आहे, आणि त्या खुणेला ज्या परदेशी डॉक्टराचं नाव आहे ते मी परीक्षेत बिनचूक लिहिलं होतं. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं की स्नायू असे आखडतात, आणि दंड तीन मिनिटं आवळून धरला तर ते डोळ्यांसमोर दिसतं. तीन मिनिटं मी कधीच थांबले नसते. रक्तदाब मोजायला अर्धं मिनिट पुरतं.

मी हवा सोडली. मग पहिल्यांदाच तिला विचारून तिच्या गळ्यातल्या पोती वर उचलल्या. त्यांच्या खाली, बरोबर त्यांच्याच रेषेत, आडवा जुना व्रण होता.

"हे कधीचं?"

"गळ्याची गाठ काडली न्हवं का. दोन वरसं हुतील आता."

"सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलाव कुटं?"

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या मागे ज्वारीच्या दाण्यांपेक्षा थोड्या मोठ्या चार ग्रंथी असतात. शरीरातलं कॅल्शियम, म्हणजे हाडांचं सगळं धन, त्या सांभाळतात. गाठ काढताना कितीही जपलं तरी कधी कधी त्यांना इजा होते आणि रक्तातलं कॅल्शियम उतरतं; भराभर श्वास घेतला की त्याचा त्रास आणखी वाढतो. उपासाच्या दिवशी, टाळ्या वाजवून भराभर श्वास घेत आरती म्हणताना तिचे हात वळत होते ते यामुळे. तिच्या ओठांभोवती मुंग्या येत होत्या. तेही तिने मी विचारल्यावर सांगितलं.

आमच्या विभागाचे प्रमुख असलेले सर हाडांच्या आणि ग्रंथींच्या आजारांच्या केसेस अभ्यासासाठी गोळा करत असत, आणि त्या उतरवून काढायचं काम माझ्याकडेच होतं. त्यांच्याकडे जायला निघाले तेव्हा माझ्या एका हातात माझा जुना केसपेपर होता आणि दुसऱ्या हातात कोरा. नवीन लिहून काढायला दहा मिनिटं लागली असती. कुणाला कळलं नसतं. उलट, इतक्या लवकर निदान केलं म्हणून कौतुक झालं असतं. जिन्यात मी बराच वेळ उभी होते. प्रार्थना वगैरे केली नाही. फक्त आता माझ्याने काही सावरायचं नाही, जे होईल ते होवो, असं काहीतरी मनात आलं आणि पाय हलके झाले. कोरा कागद मी तिथेच खिडकीत ठेवून दिला.

सरांनी शांतपणे वाचलं. "मान पाहिली होतीस?"

"नाही सर."

"मग ‘सामान्य’ कुणी लिहिलं?"

"मी."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "हा कागदही केसमध्ये राहू दे. इतरांना शिकायला उपयोगी पडेल." मग ते स्वतः वॉर्डात आले. रक्त तपासणीला पाठवलं आणि कॅल्शियमचं इंजेक्शन शिरेतून अगदी सावकाश दिलं. भीमाबाई म्हणाली, "अंगातनं ऊन चाललंय." आणि मग तिची बोटं एकेक करून सुटली. तिने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. सासू खाटेच्या पायथ्याशी उभी राहून पाहत होती. तिला बिचारीला आनंद मानावा की दुःख, कळत नव्हतं.

चार दिवसांनी, घरी जायच्या आदल्या दिवशी, मी तिची माफी मागितली. शब्द आधीपासून मनात जुळवले होते, पण ते धड आलेच नाहीत.

"अ‍ॅक्टिंग म्हनलेलं कळतंय की मला," ती म्हणाली. "आमी बी शिनिमा बगतो." ती हसली, पण मला वर पाहता येईना. मग ती म्हणाली, "त्या बाया देवी आली म्हनल्या, तुमी सोंग म्हनलाव. हात दुकत्यात म्हनत हुते ते कुनीच ऐकलं न्हाय. मी तरी कुटं खरी वागले? एक पोरगी मूल हुईल का इचारायला आली. मी घाबरून व्हय म्हनलं. अजून वाट बगतीया ती. तिला काय तोंड दावू?"

तिच्याजवळ बसून लाजेत वाटेकरी होण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. मग तीच म्हणाली, "जेवलाव का?" आणि भाकरीवर शेंगाचटणी घालून माझ्यापुढे धरली.

शेजारची खाट त्याआधीच रिकामी झाली होती. त्या तेलुगू आजींचं नाव मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मी आईबरोबर देवळात गेले. आरती सुरू झाली आणि गाभाऱ्यासमोर एक बाई घुमू लागली. पूर्वी अशा वेळी मी दुसरीकडे तोंड फिरवायचे. त्या दिवशी मी पुढे गेले आणि सवयीने तिचे हात पाहिले. ते मोकळे होते. बोटं सैल होती, ती टाळ्या वाजवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोणत्याच पुस्तकातलं चित्र त्या हातांना लागू पडत नव्हतं. तिला काय होतंय हे मला ठाऊक नव्हतं, आणि जन्मात पहिल्यांदा मला त्याला काही नाव द्यावंसं वाटलं नाही. मी हात जोडले. कोण पाहतंय, याची आठवण झाली नाही.