नाकावर ठेवलेला भरवसा

पाटणच्या वरच्या अंगाला आमचं गाव. चौथीत शाळा सुटली आणि विसाव्या वर्षी मी सांगलीला हळदीच्या पेवांवर कामाला लागलो. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत खोलीएवढी जागा. बंद पेवात हवा बिघडते. त्या हवेत उतरलेला माणूस वर येत नाही. म्हणून आधी कंदील सोडायचा. तो जळत राहिला तरच उतरायचं.

मला कामावर घेतलं एका म्हाताऱ्या मुकादमानं. ओळख ना पाळख, तरी जेवायलाही त्याच्याच घरी. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. पण परमुलखात सारखी धास्ती असते, कधी हाकलतील याची. तिसऱ्या वर्षी मला नुसत्या वासावरून पेव कळू लागलं. तोंडाशी वाकून मी सांगायचो, चांगलं आहे. म्हातारा तरीही कंदील सोडायचाच, आणि दर वेळी माझंच खरं निघायचं. मला कळतं हे याला खुपतंय, असं माझ्या मनानं घेतलं.

लढाईचे दिवस, रॉकेल रेशनवर. एकदा व्यापाऱ्याची घाई होती म्हणून सकाळीच एक पेव उघडलं. मी वास घेतला आणि पाय आत सोडून बसलो.

"आवं, चांगलं हाय. रॉकेल कशाला जाळताय?"

"थांब रं." त्यानं कंदील सोडला. दोन पुरुष खोल गेल्यावर तो विझला.

यानं वात मुद्दाम बारीक केली असणार.

"आणा हिकडं." मी वात मोठी केली, पेटवला, स्वतः सोडला. तिथंच विझला.

मी पाय वर घेतले.

"लय तिखट नाक तुझं, गड्या," म्हातारा म्हणाला. "मला चाळीस वर्सांत त्या हवेचा वास आला न्हाई. तिला वासच न्हाई."

"मग इतके दिवस माझं खरं कसं निघालं?"

"तू घरी जेवत असायचास, तवा मी आदल्या सांजंला हितं येऊन तोंडं उघडी करायचो. रातभरात वाईट हवा निघून जायची. हे आज उघडलंय."

दुसऱ्या दिवशी त्याच पेवात कंदील तळापर्यंत जळत गेला. म्हातारा म्हणाला, "उतर."

"आणखी एकदा सोडा," मी म्हणालो.

"आता रॉकेल कोण जाळतंय रं?" असं म्हणत त्यानं कंदील पुन्हा सोडला.